वॉर्डभराची मोठीमाय

देवाची चाकरी इतक्या भांडखोरपणे करणारी बाई अमरावतीपासून अकोल्यापर्यंत दुसरी सापडणार नाही, हे मी कुणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. ही बाई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, आमची मोठीमाय. ख्रिस्ती माणसाने नम्र असावं, हळू बोलावं, असं आम्हाला अकोल्याच्या संडे स्कूलमध्ये शिकवलं होतं. सुटीत अमरावतीला मोठीमायकडे गेलो की त्यातलं निम्मं पुसलं जाई. ती प्रार्थनासुद्धा हुज्जत घातल्यासारखी करते, आणि तीही डोळे उघडे ठेवून, कारण समोर गॅसवर ज्वारीच्या कण्या शिजत असतात. या कण्या ताक घालून, डब्यात भरून, रोज दुपारी सरकारी दवाखान्यात जातात. तिथे तिचं कुणीही नात्याचं नाही. ज्यांचं कुणी येत नाही त्यांना भरवायचं, एवढा एकच उद्योग ती वर्षानुवर्षं करत आली आहे. रोग्यांची नावं ती विचारत नाही. कुणी पाय टांगलेला, कुणी रडकी, कुणी खिडकीवाला. देवालाही एवढ्या खुणेवर माणूस सापडतो, अशी तिची खात्री आहे. "प्रभू, त्या खिडकीवाल्याकडं पाह्य जरा. तो औषधाच्या गोया उशीखाली लपवून ठेवते. मी सांगून थकली, आता तू सांग." एवढं झालं की आमेन, आणि लगेच मीठ.

चर्चमध्ये मात्र तिची पत अगदीच बेताची. ती मागच्या बाकावर, दाराशी बसते आणि शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आत उठते, कारण डब्याची वेळ झालेली असते. ती कुठे जाते हे कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. एकदा पाळकसाहेबांनी आशीर्वादाआधी निघून जाणाऱ्यांवरच सगळं प्रवचन केलं. मोठीमायने मान डोलवत ऐकलं, "बरं सांगतलं, लोकायले वळणच नाही," असं शेजारणीला ऐकू जाईल इतपत म्हणाली, आणि पिशवी उचलून चालू लागली. चर्चच्या वर्धापनदिनाला सत्काराच्या शाली वाटल्या तेव्हा गायनमंडळ झालं, हिशेबनीस झाले, मंडपवालासुद्धा झाला. मोठीमाय तेवढी राहिली. मी रागाने लालबुंद झालो होतो. ती निवांत जिलबी खात होती. "मले काहून? मंडपवाल्यानं तरी मंडप टाकला," ती म्हणाली. "आन् वरून तो पाहून राहिला ना? मंग एकाच कामावर दोघादोघायनं नजर कशाले ठेवाची?"

तिला घाबरलेलं मी एकदाच पाहिलं, ते या उन्हाळ्यात. नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यातलं काम आटोपून मी तिच्याकडे गेलो, तर ती भरलेल्या डब्यापाशी नुसती बसून होती. दवाखान्यात नवा नियम आला होता: रोग्याचा नातेवाईक असेल तरच आत सोडायचं. आदल्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिला विचारलं, तुम्ही कुणाच्या नातेवाईक? ती खोटं बोलत नाही, त्यामुळे परत आली. "तो खिडकीवाला दुसऱ्याच्या हातून खातच नाही रे," ती म्हणाली. रिद्धपूरकडचा एकटा म्हातारा तो. जगात माझं कुणी नाही, असं दाखल होतानाच लिहून दिलेला. कालपासून उपाशी असणार, या विचाराने मोठीमायचा आवाज बसला होता. तो आवाज असा ऐकायची मला सवय नव्हती. मी म्हटलं, चल, मी बोलतो.

मी बोललो, अगदी शुद्ध, ऑफिसातलं मराठी बोललो. पहारेकऱ्यावर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही. तेवढ्यात वरच्या मजल्याच्या खिडकीतून खणखणीत हाक आली. "काहून अडवून राहिला तिले? सोड. माही बहीण हाये ते." गजांना धरून, एका हाताला सलाईनची नळी, तो रिद्धपूरचा म्हातारा उभा होता. मोठीमाय आधी ओरडली, "नळी निघन, बस खाली," आणि मग तिला तो काय म्हणाला ते कळलं. तिने डबा खाली टेकवला. खिडकीत आणखी डोकी आली. बाळापूरच्या एका पोराचा बाप म्हणाला, "हमारी खाला है, भाई, आने दो." एका बाळंतिणीने सांगितलं, माही मावशी हाये. पायऱ्यांवर कुबड्या टेकत एकजण स्वतः खाली आला आणि म्हणाला, "आमची काकू." पहारेकरी हैराण. "बाई, हा आख्खा वॉर्ड तुमचा नातेवाईक हाये काय?" मोठीमायने पदराने डोळे पुसले, डबा उचलला आणि तिचा मूळचा आवाज परत आला. "हो. तुले काई तरास?" त्याने फाटक उघडलं. ती आत शिरली तेव्हा वरून टाळ्या वाजल्या. कोणत्याही राजाची स्वारी यापेक्षा थाटात गेली नसेल. शाली वाटणाऱ्यांना हाताला धरून तिथे आणावं, असं मला फार वाटलं.

मीही मागोमाग निघालो, तर पहारेकऱ्याने हात आडवा घातला. "तुमी कोण?" मी म्हटलं, मी तिचा पुतण्या, सख्खा. तो हसला. "सायेब, आज सगळेच तिचे सख्खे हायेत. थांबा बाहेर." मी फाटकाबाहेर उन्हात उभा राहिलो. वरून मोठीमायचं रागावणं ऐकू येत होतं, आणि कण्यांत मीठ कमी पडलं अशी म्हाताऱ्याची तक्रारही. खरं सांगतो, मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला.