दोन झेंड्यायच्या मधातला शाकीबभाई

शाकीबभाई आमच्या गल्लीतला. अकोल्यात जन्मला, अकोल्यातच नववीत शाळा सोडली. त्याच्या मांगं मीबी सोडली. मंग तो बंगालात गेला, बांगलादेशाले वीज नेनारे टॉवर उभे कराले. टोळी सारी मालद्याची, म्हनून वर चढलं की बोली बंगालीच. तिथी एक हाक समजली नाई त मानूस खाली. तीच बोली त्याच्या जिभेवर बसली.

लाईन चालू झाली तवा दोन्ही देशाचे सायब आले, गळे भेटले. दोन झेंड्यायच्या मधात मजुरायचा फोटो निघाला. गल्लीनं त्याले हार घातला. मंग तिकडचं सरकार बदललं, आपल्याशी बिनसलं, पुढच्या लाईनचं काम बंद. शाकीबभाई घरी.

कौंडण्यपूरच्या जत्रेत आमी लायटिंग लावून राहिलो होतो. म्या दोर लवकर सोडला. तो खांबावरून ओरडला, "एकटु दाँडाओ!" म्हंजे, जरासा थांब.

खालून कोनीतरी म्हनलं, बांगलादेशी हाये. पब्लिकनं त्याले पाय धरून वढला. मंडपवाला पुंजाराम दर ईदले शाकीबभाईच्या मायच्या, हलीमाचाचीच्या हातचा शीरखुर्मा खाते. तो म्हने, मी याले वळखत नाई.

ठान्यात चाचीनं आधार, शाळेचा दाखला, सारं नेलं. सायब म्हने, असे कागद बाजारात भेटतात. मी मधात बोललो त थोबाडीत बसली. शाकीबभाईले वाटलं, फोटो दाखवला की सुटलो.

"पाहा ना सायब. दोन देशाची दोस्ती आमीच बांधली."

सायबानं तिकडच्या झेंड्यावर बोट ठेवलं. "सोताच कबूल करून राहिला बे." सारे हासले.

दुसऱ्या दिवशी चाची डबा घेऊन गेली. हवालदार म्हने, देतो. डबा घेतला. शाकीबभाईले त रातीच नेलं होतं, थेट सरहद्दीपार.

मंग त्याचा एकच फोन आला. तिकडचे पोलीस म्हनतात, तू इंडियाचा, चोरून घुसला. जेलात टाकला.

आता इजेचा सौदा पुन्हा जमला म्हनतात. परवा टोळीच्या मुकादमाचा फोन आला. लाईनचं काम निघालं, शाकीबले पाठव, म्हने.

मी म्हनलं, "तो तुमच्या समोरच हाये, पलीकडच्या जेलात. दोस्ती झाली असन त मांगून घ्या."

 मुकादमानं इचारलं, दुसरा कोनी चढनारा हाये का.