बेटावर जायचा फ्रॉक

आजही कुणी गोव्याचं नाव काढलं की माझा हात आधी साडीच्या निऱ्यांकडे जातो. साडी घोट्यापर्यंत आहे ना, हे बघायला. नातवंडं हसतात. हसू देत. त्या फ्रॉकची गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नाही, आणि सांगायला माझ्याशिवाय आता कुणी उरलेलंही नाही.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती. वाशिम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही सगळे अकोल्यात मोडायचो. मी मालेगावच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण, आणि आमचे हे पाटबंधाऱ्याच्या कामावर कारकून. भाड्याच्या दोन खोल्या, दीड वर्षाची मुलगी आणि किन्हीराजाहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. आमच्या दोन्ही घरांत पगार हा शब्द आमच्याच पिढीनं आणला होता. आईबापांनी दुसऱ्यांच्या वावरात निंदण-खुरपण करून आम्हाला शिकवलं. त्यामुळे वरच्या माणसानं बरोबरीनं वागवलं की आमची मान ताठ होण्याऐवजी आणखीच झुकायची. ह्यांना साहेबांनी स्वतः खुर्ची पुढे केली, तर तेवढं कौतुक आमच्या घरात दोन दिवस पुरायचं.

ह्यांचे साहेब बाहेरगावचे, मोठ्या शहरातले. आदल्या वर्षी गोव्याचा कार्निव्हल बघून आले होते. मोटरसायकलीवर कामाच्या जागेकडे जाताना त्यांनी ह्यांना सगळं रंगवून सांगितलं. नदीतलं एक बेट, होडीनं पलीकडे जायचं, नारळाची झाडं, रात्रभर वाद्यं. आणि तिथं प्रत्येकानं सोंग घेऊनच यायचं. साध्या कपड्यात आलेल्याला आत घेत नाहीत. मुलंही चालत नाहीत. ते फक्त मोठ्या माणसांचं.

"यंदा तुम्ही दोघंही चला," साहेब म्हणाले. झालं. ह्यांचे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

‘फक्त प्रौढांसाठी’ हे शब्द मी तोवर तंबूतल्या सिनेमाच्या फलकावरच वाचले होते, आणि तेही तिरक्या नजरेनं. शाळेतली बाई त्या फलकापुढे थांबलेली दिसली तर गावभर झालं असतं. आता माझंच तसल्या ठिकाणी जायचं ठरत होतं. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर जायचंही होतं. फार जायचं होतं. सोंगांसाठी नव्हे, समुद्रासाठी. मी मुलांना नकाशावर निळा रंग दाखवून ‘हा समुद्र’ म्हणून शिकवायची, आणि मी स्वतः धनजच्या तलावाहून मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. अकोल्याहून रेल्वेनं मुंबई आणि मुंबईहून बोटीनं गोवा, असं हे सांगायचे तेव्हा मी भाकरी थापायची थांबायची. रात्र आणि दिवस नुसतं पाण्यावर! तव्यावरची भाकरी करपली की आत्याबाई बाहेरून विचारायच्या, "काय जाळून राह्यली वं?"

आत्याबाईंना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. दुसरं काय करणार? ‘माय, आमी दोघं सोंगं घेऊन नाचायले जातो, पोरीले तू पाहाय,’ हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? ऐन वेळी साहेबांचं काम निघालं म्हणून सांगू, असं ह्यांनी ठरवलं. बोलणं कुजबुजत चाले. मधल्या भिंतीवर पोपडे आणि दाराला पडदा, पण आम्हाला वाटायचं की पलीकडे काही पोहोचत नाही. त्याच दिवसांत आत्याबाई मुलीला आपल्याजवळ झोपवायला लागल्या होत्या. मला बरंच वाटलं. पाठ मोकळी झाली, एवढंच मी पाहिलं.

मग सोंगं ठरली. साहेब समुद्री लुटारू होणार, त्यांच्या बाई राणी होणार. ह्यांनी पुठ्ठ्याचा मुखवटा आणि मुकुट करायला घेतला, म्हणजे हे राजे. आणि मी मड्डम. ते कुणी ठरवलं हे मला आजही नक्की माहीत नाही. एका संध्याकाळी हे घरी येऊन म्हणाले, "तुयासाठी मड्डमचा फराक ठरला," आणि मी "बरं" म्हटलं. लाल साटीनचं कापड ह्यांनीच आणलं. मापासाठी माझं एक पोलकं नेऊन बाजारातल्या टेलरचाचांना दिलं, आणि लांबी स्वतःच्या पँटवर हात ठेवून दाखवली. साहेब म्हणाले होते, मड्डम म्हणजे फ्रॉक गुडघ्याच्या वरच पाहिजे. म्हणजे माझं माप माझ्यावाचूनच घेऊन झालं. त्यात मला काही खटकलं नाही. मी आपली समुद्रात.

टेलरचाचा भला माणूस. ‘घडी करून, कागदात बांधून ठेवा’ असं ह्यांनी त्यांना बजावलं होतं. पण चाचांची सवय अशी की कपडा शिवून झाला, इस्त्री फिरली, की तो दुकानापुढच्या दांडीवर टांगायचा. साटीनला घडी पडते म्हणे. त्यांनी फ्रॉकही टांगला, आणि नेमका बाजाराच्या दिवशी.

मी आणि आत्याबाई भाजीची पिशवी घेऊन येत होतो. मुलगी आत्याबाईंच्या कडेवर. लांबूनच मला ते लाल दिसलं. सदरे, पायजमे, कुणाच्या तरी लग्नाचा कोट, आणि मध्ये वाऱ्यानं फडफडणारा तो. बाजारातले लोक थांबून बघत होते. एका बाईनं दुसरीला कोपरानं ढोसलं. माझ्या वर्गातल्या दोन पोरांचे बाप समोरच्या हॉटेलात चहा पीत बसले होते. मी आत्याबाईंना म्हटलं, "चला, तिकडून जाऊ, मले गहू पाहाचे हायत." पण चाचांनी मला पाहिलं होतं. मशीनवरून उठून त्यांनी भर बाजारात हाक दिली.

"मास्तरीनबाई! तुमचा फराक झाला ना!"

मी कुठं बघू असं झालं. हॉटेलातून कुणीतरी खाकरलं. आत्याबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मुलगी माझ्या हातात दिली, आणि सरळ दुकानाकडे गेल्या. दांडीवरून फ्रॉक काढला. परत आल्या आणि सगळ्यांदेखत माझ्या अंगाला लावून बघितला. खालचा काठ माझ्या गुडघ्याच्या वर आला. एक बाई फिसकन हसली.

"एवढाच?" त्यांनी चाचांना विचारलं.

"माप तं असंच सांगतलं, माय. म्या कायले कमी करीन?"

आत्याबाईंनी फ्रॉक आपल्या पदराखाली घेतला आणि चालू लागल्या. मी मागून. आमची गल्ली त्या दिवशी फार लांब होती. त्यांनी मला चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं.

घरी आल्यावर त्यांनी फ्रॉक खाटेवर पसरला, त्याचा काठ हातानं सारखा केला आणि खाली बसल्या.

"आमच्या टायमाले आपल्या बायाइले लुगडं पोटरीच्या वरच नेसा लागे," त्या म्हणाल्या. "घोट्यापरेंत सोडलं त लोक म्हनत, माजली. नागपूरले जाऊन दीक्षा घेतली अन् आली, अन् दुसऱ्या दिवशी लुगडं खाली सोडलं. निंदायले गेली त वावरवाला म्हने, वर घे. म्या म्हनलं, नाही घेत. तो म्हने, मंग उद्यापासून येऊ नोको." त्यांनी काठ पुन्हा सारखा केला. "नाही गेली. त्या साली काय खाल्लं, थे तुया नवऱ्याले इचार. तो लहान व्हता, पन त्याले याद असन."

मी उभीच होते. मला वाटलं, संपलं बोलणं. पण त्यांनी मान वर केली.

"मले वर घे म्हनलं, त म्या नाही घेतलं. तुले कोनं म्हनलं, त तू घेतलं?"

कुणी म्हटलं होतं? साहेब म्हणाले, हे म्हणाले, चाचांनी कापलं. मी म्हटलं असतं, ‘मला हौस होती, मीच सांगितलं,’ तर निदान ताठ उभी तरी राहिले असते. पण तेही खरं नव्हतं. मुलांना ‘स्वतः विचार करा’ म्हणून छड्या मारणारी मी, माझ्या अंगावरच्या कपड्याचं दुसऱ्यांनी ठरवलं आणि मी ‘बरं’ म्हटलं. बाजारातली लाज त्यापुढे काहीच नव्हती.

तेवढ्यात हे आले. काखेत पुठ्ठ्याचा मुकुट, त्यावर चमकीचा कागद. खाटेवरचा फ्रॉक पाहिला आणि मुकुट पाठीमागे लपवला. एवढा मोठा माणूस, आईपुढे अगदी पोरासारखा दिसला.

"माय, तिथं सगळेच असं घालतात. साहेबांच्या बाईसुद्धा."

"इले इचारलं काय?"

"इले काय इचारायचं?" हे चटकन बोलून गेले.

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नाही, उलट उतरला. "तुले जाचं हाय काय, बाई?"

आमच्या सगळ्या बेतात हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मला जायचं होतं. बोट, पाणी, होडी, सगळं डोळ्यांपुढे होतं. ‘हो, जायचंय, पण फ्रॉक नको,’ एवढंच म्हणायचं होतं. पण खाटेवर ते लाल कापड होतं, आणि आत्याबाईंची ती न झुकलेली मान होती, आणि माझी खाली गेलेली. अशा वेळी हो कशी म्हणू? चांगली सून काय म्हणेल, तेच मी म्हटलं.

"नाही. मले नाही जाचं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग "बरं" म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या. ह्यांनी दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं की मुलगी आजारी आहे. फ्रॉक पेटीच्या तळाशी गेला.

ज्या दिवशी आम्ही अकोल्याच्या बसमध्ये बसणार होतो, त्या दिवशी दुपारी मी मुलीला झोपवत होते. ती काही केल्या झोपेना. ‘आजी, आजी’ करत नुसती किंचाळत होती. आधीच मन ठिकाणावर नव्हतं, त्यात हे. मी आत्याबाईंवर चिडले.

"पाहा, तुमीच इची सवय बिघडवली."

त्या दारात ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं.

"बिघडवली नाही, लावली," त्या म्हणाल्या. "तुमी दोघं आठ दिस जानार, मंग पोरगी माह्याजवळ राह्यली पाह्यजे ना? दोन खोल्याच्या घरात काय लपते?"

त्यांना सुरुवातीपासून माहीत होतं. नाच, सोंगं, बेट, सगळं. आणि तरी त्या रोज नातीला कुशीत घेऊन झोपत होत्या.

"जाऊ नोको, असं म्या कवा म्हनलं?" त्या पुन्हा पाखडायला लागल्या. "म्या त इचारलं व्हतं. मले वाटलं, तू हो म्हनशीन."

मी मुलीला थोपटत राहिले. ती माझ्याकडे काही झोपली नाही. शेवटी उचलून त्यांच्या मांडीवर नेऊन दिली.