देण्याघेण्याच्या साड्या

सोलापूरच्या स्टँडवर पुण्याच्या एसटीच्या पहिल्या पायरीवर पाय टाकला आणि माझी पँट मागून टर्रकन उसवली. नोकरीला निघालो होतो. त्यासाठीच ही पँट मी रस्त्यावरच्या ढिगातून घेतली होती. तसल्या घट्ट पँटची तेव्हा फॅशन होती, आणि शिंप्याकडून एक शिवायच्या पैशांत अशा दोन येत होत्या. वळसंगहून पोचवायला आलेली आई रडायच्या बेतात होती, ती रडायचंच विसरली. बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून तिनं मला भर स्टँडवर पाठमोरा उभा केला. "घेताना कापड बोटांत धरून तरी बघायचं की रं," एवढंच म्हणाली. पुण्यापर्यंत मी एका अंगावर बसून गेलो. गाव सोडताना लोकांना आईचे डोळे आठवतात, मला ती पिन आठवते.

शहाणा माणूस यातून शिकला असता. मी हडपसरच्या एका कारखान्यात स्टोअरला चिकटलो, लग्न झालं, वन बीएचके घेतला, त्याचा हप्ता सुरू झाला, पाठोपाठ मुलीची फी. अशा माणसाला सेल म्हणजे देवाचा प्रसादच. नवा टीशर्ट घ्यायचा, तीन धुण्यांत तो गुडघ्यापर्यंत लोंबायचा, मग त्यानं गाडी पुसायची. चांगला शर्ट एकदाच घ्यावा आणि वर्षानुवर्षं वापरावा, हे बायको सांगायची. पण मला एका पिशवीत तीन शर्ट दिसले की श्रीमंत झाल्यासारखं वाटायचं.

आईलाही मी त्याच पिशवीतून श्रीमंत केलं. गावाकडं ती लाल पदराचं इरकली लुगडं नेसायची, वडिलांनी घेतलेलं. मी दर दिवाळीला पुण्याहून तिच्यासाठी साड्या न्यायचो. एका इरकलीच्या पैशांत सिंथेटिक तीन-चार बसायच्या. त्यावर चमकी, त्या वर्षी जो रंग चालत असेल तो रंग. दुकानदार म्हणायचा, साहेब, लेटेस्ट आहे. आई प्रत्येक साडी हातात घ्यायची, क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "रंग लई भारी हाय." कापडाबद्दल ती कधीच काही बोलली नाही, आणि हे माझ्या लक्षात आलं नाही. "ठिवते जपून," म्हणत ती साड्या पेटीत टाकायची. मला वाटायचं, आईला जीव होत नाही नेसायचा.

मग चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. वळसंगलाच, दारात मांडव. मी जेवायला बसलो आणि वाढायला आलेली धाकटी चुलती पोपटी चमकीत. तिच्यामागं भात घेऊन शेजारची, जांभळी. बायकोनं मला कोपरानं ढोसलं. "अहो, ही मागच्या दिवाळीची ना? आणि ती त्याच्या मागची." सगळा मांडव मी नेसवला होता! माझी सगळी दिवाळी पंगतीत फिरत होती, आणि आई चुलीपाशी त्याच लाल पदरात उभी होती. पदराला दोन ठिकाणी रफू.

संध्याकाळी तिला गाठलं. "आई, मी तुला आणलेल्या साड्या लोकांना वाटल्यास?"

ती चकित झाली. "द्यायच्याच व्हत्या की त्या! आरं, हिची ओटी, तिचा आहेर, मला कुटं न्हाय म्हणता येतंय? तू इतक्या आणतोस, मला वाटलं त्यासाठनंच धाडतोस."

"मग तुला काय?"

"मला हाय की." आणि वर म्हणाली, "समद्या गावात तुझंच नाव निघतंय. लेक लई दिलदार हाय म्हणत्यात."

आमच्याकडं नेसायची साडी वेगळी आणि देण्याघेण्याची वेगळी, हे लहान मुलालाही कळतं. पुण्यात राहून मी तेवढं विसरलो होतो. स्वस्तात तीन-चार येतात म्हणून त्या घेतल्या, हा गुन्हा मी कबूल केला नाही. दिलदार लेक म्हणून लोकांचे नमस्कार घेत हिंडलो.

पुढच्या दिवाळीला खरं इरकल घ्यायचं ठरवलं. त्या दिवाळीला मुलीचं ॲडमिशन आलं. त्याच्या पुढच्या दिवाळीला गाडी बदलली. तुमच्यातले जे माझ्यासारखे गाव सोडून आलेत त्यांना हे सांगायला नको. आपल्या आया घाई करत नाहीत, म्हणून आपण त्यांना मागं ढकलत राहतो.

मग आई अंगणात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि वळसंगच्या घराला कुलूप लावून तिला इकडं आणलं. आता पुण्याचं हे घर तेच माझं गाव, कारण मला "आरं" म्हणणारं माणूस इथंच आहे. गेल्या महिन्यात कामानं सोलापूरला गेलो आणि अखेर इरकली लुगडं घेतलं. भाव न करता. आयुष्यात पहिल्यांदा कापड बोटांत धरून बघितलं. कळलं काहीच नाही, पण धरलं.

आईनं मात्र अंगठा फिरवला आणि तिचा चेहरा उजळला. "आसलं आस्तंय बघ लुगडं," म्हणाली. बायको तिला नेसवायला लागली. वॉकर धरून आई उभी राहिली. नऊवाराचा वेढा कमरेला बसला, निऱ्या निम्म्या झाल्या आणि ती मटकन पलंगावर टेकली. पुन्हा उभी राहिली, पुन्हा टेकली.

"राहू दे गं," बायकोला म्हणाली. मग माझ्याकडं बघून हसली. "कापड चांगलं हाय रं. मीच हलकी झालीया, मला पेलंना."

लुगड्याची घडी घालताना पदर आतल्या बाजूला जाईल असं तिनं बायकोला दोनदा सांगितलं.

रात्री जेवताना मी म्हणालो, "दोन वर्षं आधी आणायला पाहिजे होतं."

बायकोनं माझ्या ताटात भाकरी टाकली. "हो, पाहिजे होतं," ती म्हणाली. "आता त्यांना अंगावर सोसतील असे सुती गाऊन लागतील. दोनच घ्या, पण चांगले घ्या. आणि एकटे जाऊ नका. रविवारी रिक्षा बोलवा, आईंना दुकानात घेऊन जाऊ. त्यांचं त्यांना निवडू द्या."