जरा लांबलं म्हणे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वृषालीला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

दोन हजार पाच-सहाचा सुमार. आम्ही फेल्डहोवन या डच गावात नवे. मी दिवसभर कंपनीत. वृषाली माझ्या परमिटवर आलेली. पुण्यात फ्रेंच शिकवणारी माझी बायको इथे आमच्या लेकीला, रेवाला सायकलवरून शाळेत सोडायची आणि वाचनालयात जाऊन बसायची. तिथल्या एका डीव्हीडीवर तिला ती भेटली — सिनेमा मुका होता तेव्हाची एक फ्रेंच दिग्दर्शिका. गोष्टीही स्वतःच लिहायची. पुढे तिच्या चित्रपटांवर दुसऱ्यांची नावं लागली आणि म्हातारपणी ती आपलेच चित्रपट शोधत हिंडली. वृषाली हे पोळ्या करताना सांगायची. सांगता सांगता एखादी पोळी करपायची... त्या करपलेल्या पोळ्यांची चव अजून आठवते. त्या बाईचं नाव मी इथे लिहीत नाही. ते वृषालीने सांगायचं.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला वृषालीने त्या दिग्दर्शिकेचा एक छोटा चित्रपट लावला आणि पडद्याशेजारी उभी राहून प्रत्येक पात्राचे संवाद मराठीत बोलायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "वहिनी, पिक्चरचा आवाज गेलाय!"

"गेला नाही भावजी, माझ्याकडे आलाय!"

हॉल हसला. मग चकल्या खाण्याचा आवाजही थांबला. काय दिसत होती ती! पैठणीवर माझा राखाडी स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत ओढलेल्या — मी तिला तशी कधी पाहिलीच नव्हती.

खुर्च्या आवरताना एक डच गृहस्थ माझ्याकडे आले, कुणाचे तरी शेजारी. टिलबर्गला एका लहानशा थिएटरात ते जुने मूकपट दाखवायचे. तुमच्या पत्नी दर शनिवारी येतील का, म्हणाले. इंग्रजीत बोलल्या तरी चालेल. मी म्हटलं, विचारतो.

विचारलं नाही. रेवाला कोण बघणार, हे मनात आलं का? आलं — पण नंतर. आधी आलं ते हे, की उद्या लोक मला वृषालीचा नवरा म्हणून ओळखतील. एवढंच. इतकं लहान.

सायकलवरून घरी येताना तिने विचारलं, "ते गृहस्थ काय म्हणत होते रे?"

मी म्हणालो, "जरा लांबलं म्हणे."

ती म्हणाली, "लांबलंच असेल." त्याच आठवड्यात तिने ती डीव्हीडी परत केली. दुसरी आणली नाही.

अजूनही मंडळात कुणी तिला म्हणतं, "वृषाली, तू काहीतरी कर ना." ती म्हणते, "नको गं, माझं लांबतं." सगळे हसतात. मीही हसतो.

ते वाक्य त्या माणसाचं नव्हतं, माझं होतं. हे तिला सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.