घरच्या पावाचे पंधरा सेंट

घरी भाजलेला पाव स्वस्त पडतो की दुकानातला, हे मला कुणी शिकवू नये. मी चौथी शिकलेला माणूस, पण पुण्याच्या कॅम्पातल्या एका बेकरीत अडतीस वर्षं भट्टीपुढे काढली. मैद्यात बोटं घातली की पाणी किती लागेल ते मला कळतं. मुलगा इथे सिंगापूरला मोठ्या ऑफिसात अकाउंटंट आहे. त्याच्या कॉम्प्युटरला ते कळत नाही.

आम्ही नवराबायको त्याच्याकडे बुकित बातोक भागात राहायला आलो तेव्हा सिंगापुरातली तापाची मोठी साथ नुकतीच ओसरली होती. नातीच्या दप्तरात अजून थर्मामीटर असायचा. फ्लॅट नवव्या मजल्यावर. रोज दुपारी चार वाजले की बायको पदर सारखा करायची, चपला घालायची आणि पाव आणायला खाली उतरायची. दोन ब्लॉक सोडून एका चिनी कुटुंबाची जुनी बेकरी होती. तिला परत यायला तास-सव्वा तास लागे.

"पाव आणायला गेली होतीस की पेरायला?" मी विचारायचो.

"गर्दी होती, अहो."

संध्याकाळी ती पावाच्या करपलेल्या कडा कुस्करून कांदा-मिरचीची फोडणी द्यायची. मी दोनदा मागून खायचो. आणलेला पाव तर पांढराशुभ्र, कडा कापलेला असायचा. मग या कडा येतात कुठून, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

एक दिवस मी त्या पावाचा तुकडा तोंडात घातला आणि माझं डोकं फिरलं. नुसता कापूस. त्याला दीड डॉलर! सुनेच्या ओव्हनमध्ये कढया आणि तवे भरून ठेवलेले होते, ते सगळे बाहेर काढले आणि दुसऱ्या दिवशी पाव भाजून टेबलावर ठेवला.

मुलगा कॅल्क्युलेटर घेऊन बसला. मैदा, यीस्ट, बटर, साखर. "आणि करंट, बाबा. ओव्हन तासभर चालतो."

"धर करंट. माझी मजुरी नको धरू, ती तुला परवडायची नाही."

तो हसला. "पावामागे पंधरा सेंट वाचतात. एवढ्यासाठी कशाला राबता?"

"पंधरा तर पंधरा. रस्त्यात पडलेत का?"

नात तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजोबा विन, लाह!" मी जिंकलो. त्या दिवसापासून दुकानातला पाव बंद.

पहिल्याच दिवशी चार वाजता बायको चपला घालून दाराशी उभी.

"कुठे निघालीस?"

"पाव..."

"अगं, हा टेबलावर काय दगड ठेवलाय?"

ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली, चपला पायातच. बराच वेळ अंगठ्यानं चपलेचा पट्टा वरखाली करत होती. त्याचा चट चट असा आवाज यायचा. असं आठ-दहा दिवस चाललं. मी चेष्टा केली, म्हणालो, "एसटीची वाट बघतेस का?" पुढे तिनं चपला घालणं सोडलं.

एकदा मी पीठ मळत होतो तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली. "मी मळू का जरा?"

"हात लावू नकोस. बेकरीचं काम बायकांचं नाही."

हे मी तिला पुण्यातही सांगितलं होतं. अडतीस वर्षं ती माझा डबा घेऊन यायची, पण फाटकापर्यंत. आत काय असतं ते बघायचंय म्हणून दोन-तीनदा म्हणाली होती. मी काही तिला आत येऊ दिलं नाही. बाकीचे हसतील, असं मला वाटायचं.

आठ महिन्यांनी ती गेली. सकाळी छातीत कळ आली, दवाखान्यात दोन दिवस, संपलं.

दिवस-कार्य झालं, घर पुन्हा आपापल्या कामाला लागलं, आणि दुपारी चार वाजता दाराशी तो आवाज यायला लागला. चट चट. मी भूतबित मानत नाही. उठून बघायचो. खुर्ची रिकामी. चपला रॅकमध्ये जिथल्या तिथे. मागे येऊन बसलो की पुन्हा दोनदा वाजायचं आणि थांबायचं. घरात त्या वेळी मी एकटाच असे. कुणाला सांगितलं नाही. म्हातारा खुळावला म्हणाले असते.

पाव मळायला हात उठेना. एक दिवस चार वाजता तो आवाज सहन होईना म्हणून मी दाराला अडकवलेली तिची पिशवी घेतली आणि खाली उतरलो. पिशवी जुन्या जरीकाठी साडीची, तिनंच शिवलेली.

बेकरीच्या गल्ल्यावर एक चिनी म्हातारी होती, माझ्याच वयाची. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पिशवीकडे बघितलं. मग माझ्या मागे, रस्त्याकडे बघायला लागली.

"अम्मा?" ती म्हणाली. "अम्मा व्हेअर?"

तिनं माझं मनगट धरून मला आत नेलं. पाव कापायच्या मशीनपाशी एक लाल प्लास्टिकचं स्टूल होतं. म्हातारीनं स्टुलावर हात थोपटला. मग रिकाम्या हातांनी पावाची पिशवी भरून तिच्या तोंडाला तार पिळायची खूण केली आणि पुन्हा म्हणाली, "अम्मा." भिंतीला खिळ्यावर एक निळा एप्रन लटकत होता. त्याच्या खांद्यावर सेफ्टी पिन होती, काळा दोरा गुंडाळलेली. माझी बायको आपल्या पिना ओळखू याव्यात म्हणून त्यांना असाच दोरा गुंडाळून ठेवायची.

म्हणजे तो तास-सव्वा तास ती इथे बसायची. पाव पिशवीत भरायची, तारा पिळायची. आणि जाताना म्हातारी तिला कडांची पुडी द्यायची. ज्या बाईला मी फाटकाच्या आत घेतलं नाही, तिला इथे स्टूल होतं. ते मी पंधरा सेंटांसाठी काढून घेतलं. आठ महिने! आणि तिनं एका शब्दानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय म्हणालो असतो, तेही मला माहीत आहे.

"व्हेअर?" म्हातारीनं पुन्हा विचारलं.

"इंडिया," मी म्हणालो. "गो इंडिया."

"आह. व्हेन कम बॅक?"

"नेक्स्ट मंथ."

तोंडातून निघून गेलं. ती खूश झाली, कडांची पुडी बांधून दिली आणि म्हणाली, "फॉर अम्मा. कम बॅक, ईट."

मग मी रोज जायला लागलो. ती रोज विचारायची, मी रोज इंडिया म्हणायचो. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटायचं. साऱ्या जगात तेवढ्या एका दुकानात माझी बायको जिवंत होती, गावाला गेलेली होती. पण घरी तो आवाज वाढला. आता तो चार वाजायच्या आधीच सुरू व्हायचा, मी वर परतलो तरी चालू असायचा. वाचवलेले पंधरा सेंट खोटे निघाले ते निघाले, वर तिच्या नावानं रोज एक खोटं. ती दाराशी ताटकळत बसली आहे, असं वाटायचं. तिला जाऊ देणारा मीच, अडवणाराही मीच.

नेक्स्ट मंथ सरला. दुसरा सरला. एके दिवशी म्हातारीनं तो एप्रन धुऊन, इस्त्री करून परत खिळ्याला लावलेला दिसला.

मग माझ्याच्यानं राहवेना. मी एप्रनकडे बोट दाखवलं, मग वर आभाळाकडे. "अम्मा... नो इंडिया," मी म्हणालो. "फिनिश. लाँग टाइम."

म्हातारीनं कापायचं मशीन बंद केलं. रागावली का, खोटारडा म्हणाली का, कळलं नाही. ती आपल्या भाषेत हळूच काहीतरी बोलली, ते मला समजलं नाही. मग एप्रन काढला, घडी केली, पिन वर लावली आणि साडीच्या पिशवीत ठेवला. त्या दिवशी कडांची पुडी दिली नाही. पुढेही नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी दाराजवळ कान देऊन बसलो. काही वाजलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी तिच्या चपला रॅकमधून काढून खुर्चीपुढे ठेवून बघितल्या, तरी नाही.

"बाबा, तुम्हीच म्हणायचा ना दुकानातला महाग पडतो?" मुलगा विचारतो.

"पडू दे," मी म्हणतो.

चारला खाली उतरतो. म्हातारी पाव देते, सुटे पैसे देते, जास्त बोलत नाही. लाल स्टूल अजून मशीनपाशी आहे. एकदा पाऊस होता तेव्हा तिनं मला आत यायची खूण केली. मी गेलो नाही. पिशवी धरून बाहेरच उभा राहिलो.