न बोलणारी गवरा

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक बघायला आलेल्या माणसांना नूतन खोब्रागडे कधी दिसत नाही. विंगेतल्या लहान दिव्याखाली वही धरून ती प्रत्येक नटाचं वाक्य त्याच्या अर्धा श्वास आधी म्हणते. आज एका गावात राजा आणि उद्या दुसऱ्या गावात डॉक्टर होणाऱ्या नटांना पाठांतराला वेळ नसतो. ते कान विंगेकडे लावून उभे राहतात आणि नूतनचा दबका आवाज पकडून गर्जना करतात. वडशाच्या एका कंपनीत ती बावीस वर्षं हे काम करते आहे.

सिंदेवाहीजवळच्या खेड्यात तिची आई मनकर्णा दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोपं रोवायला जायची. नूतन दहा वर्षांची असताना आईच्या हाताला चिखलात एक मडकं लागलं. आत वीतभर उंचीची पितळेची मूर्ती होती, कापडाच्या चिंध्यांत नीट गुंडाळलेली. पंचनामा झाला, साहेब लोक मूर्ती घेऊन गेले. आई घरी आली आणि चुलीपुढे बसून म्हणाली, "इतकी जपून कोणी ठेवली असन? अन् ठेवणारी परत काऊन आली नसन?" तो प्रश्न नूतनच्या मनात राहिला.

नूतन नाटकाकडे वळली, लग्न केलं नाही, वह्या सांभाळत गावोगाव फिरली. लिहायचं मनात होतं, पण लिहायला बसली ती ठमाबाईंमुळे.

ठमाबाई मडावी चाळीस वर्षं रंगमंचावर आई झाल्या. त्यांनी नुसतं "लेकरा" म्हटलं की बायकांचे पदर डोळ्यांना लागत. पण साठी उलटली आणि कान गेले. एका प्रयोगात नूतन विंगेतून सांगत होती, ठमाबाईंना ऐकू येत नव्हतं. नूतनने आवाज चढवला. शेवटी तो पहिल्या रांगेपर्यंत पोचला, तरी ठमाबाईंपर्यंत पोचला नाही. लोक हसले. ठमाबाईंना वाटलं, आपण काही विनोदी केलं, म्हणून त्याही हसल्या. त्यानंतर कुठल्याच कंपनीने त्यांना बोलावलं नाही. त्या कुरखेड्याकडच्या आपल्या गावी गेल्या आणि मोहफुलं वेचू लागल्या.

ते हसणं नूतनला सोडेना. पुढचा सगळा पावसाळा तिने लिहिण्यात घालवला.

नाटक असं होतं. एका राज्यावर परचक्र येतं. शत्रूचं सैन्य देवळं आणि विहार फोडून पितळेच्या, काशाच्या मूर्ती वितळवतं आणि त्यांच्या तोफा ओततं. डोंगरातल्या जुन्या लेण्यात दिवाबत्ती करणारी गवरा नावाची म्हातारी गावकऱ्यांना जमवते. शंभर मूर्ती एका दिवसात बांध्यांमध्ये पुरतात आणि वरून धान रोवतात. सेनापती येतो तेव्हा लेणं रिकामं आणि शेत हिरवं. तो गवराला पकडतो. शेवटचा अख्खा अंक तो विचारतो, धमकावतो, आमिष दाखवतो, गाव जाळायची भाषा करतो. गवरा एक शब्दही बोलत नाही.

कंपनीचे मालक दिनेशभाऊ यांनी वही वाचली आणि मांडीवर थाप मारली. "कथा झकास आहे, नूतनबाई. पण बुढी पंचवीस मिनिटं मुकी बसन त पब्लिक उठून जाईन ना! तिले दोन-चार जबरदस्त डायलॉग द्या. मधात एक डान्स टाकू. अन् गवराचं काम आपली करिश्मा करन, पांढरा विग लावून."

"गवरा ठमाबाई करतीन," नूतन म्हणाली. "अन् ती बोलणार नाई."

"बहिरी बाई उभी करू का मी स्टेजवर?"

"मंग नाटक राहू द्या, भाऊ." तिने वही उचलून पिशवीत घातली.

तीन आठवडे गेले. मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांचा, मोसम तोंडावर आला, नवीन नाटक तर हवंच होतं. शेवटी करिश्मानेच कोंडी फोडली. कंपनीची ती सगळ्यात लाडकी नटी. तिच्या नावावर तिकिटं खपत. ती दिनेशभाऊंना म्हणाली, "भाऊ, मी वही मागून वाचली. मले नाई जमणार. इतक्या लोकांपुढं काहीच न बोलता बसाचं, मले भेव लागते. मी तिची सून करतो."

दिनेशभाऊंनी हात टेकले. "एक प्रयोग. पडला त वही कायमची बंद."

नूतन एस.टी.ने ठमाबाईंच्या गावी गेली. ठमाबाईंनी अंगणात बसून वही अक्षर लावत वाचली, एक दिवस आणि वर अर्धा. मग विचारलं, "माह्यावर दया करून लिहिलं का?"

नूतन त्यांच्या समोर बसली, ओठ दिसतील अशी. "दया नाई, बाई. बोलणाऱ्या खूप आहेत. हजार डोळे रोखलेले असताना गप बसू शकणारी मले एकच माहीत आहे."

ठमाबाईंनी वही पुन्हा पहिल्या पानावर उघडली.

पहिल्या दोन अंकांत गवराला संवाद होते. ते त्यांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदाच पाठ केले. ऐकू येत नव्हतं, म्हणून नूतनने नियम केला: ज्याचं वाक्य संपलं त्याने एक पाऊल मागे सरायचं. सेनापती झालेला लोकेश याला वैतागला. "मी लढाईत मागं सरू का?" तो म्हणायचा. नूतन त्याला पुन्हा पहिल्या वाक्यावर आणायची. महिनाभर तालमी चालल्या.

प्रयोग कुरखेडा तालुक्यातल्या एका गावच्या मंडईला लागला. धानाचं चुरणं, मळणी आटोपलेली, शामियाना गच्च, लोक घोंगड्या पांघरून बसलेले. पहिले दोन अंक चांगले गेले. मूर्ती पुरून वर रोवणा करायच्या प्रवेशात बायकांच्या बाजूने कोणीतरी रोवण्याचं गाणं उचललं आणि सगळ्याजणी म्हणू लागल्या. पहाटे पहाटे शेवटचा अंक सुरू झाला.

लोकेश विचारत होता, ठमाबाई बसून होत्या. पाच मिनिटं झाली, सात झाली. मागून शिटी आली. कोणी ओरडलं, "बोल ना व बुढे!" हशा पिकला. दिनेशभाऊ विंगेत धावत आले. "पाहून राह्यली ना? ऑर्गनवाल्याले खूण कर. डान्स घुसव."

"नाई, भाऊ."

"अवो, लोकं उठून राह्यले!"

"उठू द्या. तो अंक मी सोडत नाई." नूतनने वहीवरून नजर काढली नाही. लोकेशला पुढचं वाक्य दिलं. 

लोकेशने सुनेचे केस धरून तिला फरफटत आणलं. ठमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. हनुवटी थरथरली, ओठ उघडतात की काय असं वाटलं आणि घट्ट मिटले. बायकांमधून एक म्हातारी ताडकन उभी राहिली. "सांगू नको व बाई!"

मग दुसरी उठली. मग पुरुषांकडून आवाज आले. "सांगू नको! सांगू नको!" शामियाना दणाणला. त्या गलक्यात नूतनचा आवाज बुडाला. लोकेशला वाक्य ऐकूच येईना. विंगेवाचून एक ओळ न बोललेला तो नट क्षणभर भांबावला. मग तलवार घेऊन रंगमंचाच्या पार कडेला आला आणि लोकांवर गरजला, "तुम्ही पाहिलं ना पुरताना? तुम्हाला माहीत आहे! मग तुम्ही सांगा! कुठल्या बांधीत?"

हे वाक्य वहीत नव्हतं. नूतनने पान उलटायला उचललेला हात तसाच राहिला.

शामियाना गप झाला. शिट्या मारणारी पोरंसुद्धा गप. लोकेश एका रांगेकडून दुसऱ्या रांगेकडे तलवार फिरवत गेला. कोणी खोकलं नाही. एका आईने कडेवरच्या लेकराच्या तोंडावर हात ठेवला.

पडदा पडल्यावर ठमाबाई घाबऱ्या होऊन विंगेत आल्या. त्यांनी समोर फक्त हलणारी तोंडं आणि मग दगडासारखी माणसं पाहिली होती. "का झालं व? लोकं झोपले का?"

नूतनने त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि ओठ सावकाश हलवत म्हणाली, "नाई, बाई. कोणीच सांगितलं नाई."

ठमाबाई मटकन सामानाच्या पेटीवर बसल्या आणि रडू लागल्या.

त्या मोसमात नाटकाचे सदतीस प्रयोग झाले, पार कोरपन्यापर्यंत. दर गावात लोकेश कडेला येऊन विचारायचा. एका गावात एका दारुड्याने "मी सांगतो" म्हणून हात वर केला, तेव्हा शेजारच्यांनी त्याला खाली बसवलं. दिनेशभाऊंनी डान्सचं नाव पुन्हा काढलं नाही. जाहिरातीवर मात्र त्यांनी ठमाबाईंचा फोटो करिश्माएवढाच मोठा लावला, आणि तसा लावा असं करिश्मानेच सांगितलं होतं.

नूतन अजून विंगेतच बसते. लोकेशची ती ओळ तिने वहीत लिहून घेतली आहे, पण ती त्याला कधी सांगत नाही. तेवढी तो आपली आपण म्हणतो.