वरच्या मजल्यावरची जावावाली

"समजलं ना काकाजी? तुम्हाला समजलं म्हणजे मला समजलं!" असं म्हणून ती पुस्तक गुडघ्यावर फटकन आपटायची. मला काही समजलेलं नसायचं. पण हो म्हटलं नाही तर ती पुन्हा पहिल्या पानावर जायची, म्हणून मी हो म्हणायचो.

चेरीताल मोहल्ल्यातल्या माझ्या घरात वरच्या मजल्यावर ती नवऱ्यासोबत भाड्यानं राहायची. वय पस्तिशीचं. एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची, पण डिग्री अर्धी. जावाच्या पेपरात दोनदा नापास झालेली. जावा म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम द्यायची भाषा, एवढं मला कळलं होतं. शाळेनं तिला बजावलं होतं, यंदा पास झाली नाहीस तर कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली दुसऱ्याला देऊ. ती किल्ली ती गळ्यात घालून फिरायची, मंगळसूत्राच्या बाजूला.

कुणाला समजावून सांगितल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. तिनं पुस्तक उघडलं की नवरा पिशवी घेऊन भाजी आणायला निघायचा. त्या दिवसांत वर भाजी फार साचली होती.

माझी बायको सुमन त्याच हिवाळ्यात गेली. भेटायला येणारे तोंड पाडून बसायचे, 'हिंमत ठेवा' म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. चहा मीच करायचो. एक दिवस ही बाई पुस्तक घेऊन खाली उतरली.

"काकाजी, तुम्ही नुसते बसूनच राहिले ना?"

"मग काय नाचू?"

"नका नाचू. ऐका. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून निघालेली वस्तू."

मी चौथी शिकलेला माणूस, जन्मभर पिठाची चक्की चालवली. पण ती 'हिंमत ठेवा' म्हणाली नाही, तेवढ्यावर मी ऐकून घेतलं.

मग रोजच सुरू झालं. "इनहेरिटन्स म्हणजे बापाचं सगळं पोराला आपोआप येतं."

"काही येत नाही. माझ्या पोराला माझं नाक आलं फक्त. चक्कीवर बसवला की पळून जायचा."

"ते ओव्हरराइड, काकाजी! बापाचं काम पोरगा आपल्या पद्धतीनं करतो."

"काम करतो? तुझ्या जावानं माझा पोरगा पाहिला नाही."

एकदा तिनं माझ्या साखरेच्या डब्यावर 'प्रायव्हेट' अशी चिठ्ठी चिकटवली. थेट हात घालायचा नाही, गेटरकडे मागायचं, तो काढून देईल. गेटर कोण, तर मी. संध्याकाळी समोरची शेजारीण वाटी घेऊन आली आणि सवयीनं डब्याकडे गेली. मी ओरडलो, "हात लावू नका, प्रायव्हेट आहे! माझ्याकडे मागा, मी गेटर आहे!" ती वाटी तिथंच टाकून गेली. गल्लीत सांगत सुटली, बायको गेल्यापासून म्हातारा कामातून गेला. दोन दिवस लोक खिडकीतून मला बघून जात होते. तुम्हीही बघून गेला असता.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा ती एका प्रश्नावर अडली. खाली येऊन तिनं माझ्या फळीवरचे दोन स्टीलचे गिलास उचलले. आमच्या नागपूरकडच्या लोकांत भांडं घेतलं की दुकानातच त्यावर नाव कोरून घेतात. सुमननं तर चिमट्यावरही कोरलं होतं. दोन्ही गिलासांवर तेच, सुमन.

"सांगा, हे एकच की वेगळे?"

"वेगळे. हा तिचा. तो पाहुण्यांचा."

"काहून? नाव तेच, माप तेच, दुकान तेच."

"डोकं आहे का तुला? यातून ती पाणी प्यायची. दुसऱ्या कुणाला यात दिलं तर घर डोक्यावर घ्यायची. नाव सारखं असलं म्हणून काय कुणाच्याही हातात द्यायचा?"

तिनं दोन्ही गिलास पुन्हा फिरवून पाहिले. मग जागची उडालीच. "हेच तर! दोन बरोबरच्या खुणा टाकल्या की जावा विचारते, हा तोच गिलास आहे का? आणि इक्वल्स लिहिलं की विचारते, आतलं लिहिलेलं सारखं आहे का? मी दरवेळी उलटं लिहून येते, काकाजी!"

पुस्तक आपटायला हात उचलला, आणि माझ्या तोंडाकडे पाहून तो तसाच राहिला. त्या दिवशी समजलं का म्हणून तिनं विचारलं नाही. सुमनचा गिलास ओढणीनं पुसून फळीवर ठेवला, आणि पाहुण्यांच्या गिलासात मला पाणी दिलं.

पेपर देऊन आली ती गल्लीच्या तोंडापासून ओरडत, "आला! गिलास आला!" शेजारणीनं खिडकी लावून घेतली.

पास झाली. काठावर, पण झाली. शाळेनं तिला पक्कं केलं आणि कटनी गावातल्या आपल्याच दुसऱ्या शाळेत पाठवलं. नवऱ्याला मी विचारलं, तुझं कसं? तो म्हणाला, "भाजी तिकडेही मिळते, काकाजी."

सामान टेम्पोत भरून झालं. ती माझ्या पाया पडली. मी म्हटलं, "जा आता, उशीर होऊन राहिला." ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, नवरा मागे पलंगावर. तिला अजून पुढचे पेपर द्यायचे होते. गाडी सुरू व्हायच्या आतच आवाज आला, "भैया, समझो ये टेम्पो एक ऑब्जेक्ट है…"

ड्रायव्हरनं घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीशी जाऊन त्याला म्हटलं, "हाँ बोलते रहना भैया. कटनी तक हाँ बोलते रहना."

टेम्पो कोपऱ्यावर वळला, तरी तिचा एक हात खिडकीबाहेर येऊन हवेला काहीतरी समजावत होता.